तासांची वही कोणाची?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथाचं चाक असतं. त्या चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास, आठ प्रहर. बिल्ला लावणाऱ्याने कोणत्याही प्रहरी हाकेला ओ द्यावी, असा त्याचा अर्थ. बोधचिन्हाला चोवीस तास मागता येतात, नियमाला मात्र हिशेबी व्हावं लागतं. म्हणून योजनेत नाव घातलेल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास काम करावं, शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर करावं, असं ठरलेलं आहे. नियमपुस्तिकेने या १२० तासांची ढोबळ वाटणीही करून दिली : २० तास ओळख आणि प्रशिक्षण, ३० तास कॉलेजच्या आवारातलं काम आणि उरलेले ७० तास वस्तीत किंवा गावात. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. एका एककात साधारण १०० स्वयंसेवक धरले, तर एका एककाचे वर्षाचे तास होतात १२,०००. हे तास कुठे ना कुठे लिहिलेले असतात : स्वयंसेवकाच्या कार्यदैनंदिनीत, कार्यक्रम अधिकाऱ्याच्या कपाटातल्या हजेरीपटात आणि अलीकडे कुणाच्या तरी संगणकातल्या एक्सेलच्या फाइलमध्ये. या तिन्ही जागांचे आकडे एकमेकांशी जुळतील, याची हमी मात्र कुणी देत नाही.

यावर ‘सगळं ऑनलाइन करून टाकू’ हा उपाय आता कॉलेजांतच सुचवला जातो असं नाही. ग्रंथालयं, वृद्धाश्रम, रक्तदान शिबिरं भरवणारी मंडळं, टेकड्यांवर झाडं लावणारे गट, सगळीकडे हे वाक्य ऐकू येतं. वाक्य बरोबर आहे, पण अर्धं आहे. वही कपाटातून इंटरनेटवर गेली म्हणून ती सामाईक होत नाही. कपाटाची किल्ली जशी एकाच्या खिशात असते, तसा पासवर्डही एकाच्याच डोक्यात राहू शकतो. मग स्वयंसेवकाला आपले तास बघायला पूर्वी कपाट उघडण्याची वाट पाहावी लागे, आता कुणीतरी फाइल पाठवण्याची वाट पाहावी लागते, फरक एवढाच. ज्याने तास दिला त्याने तो स्वतः लिहावा, लिहिलेला त्याला कधीही पाहता यावा आणि त्याच्या नकळत कुणी तो बदलू नये, एवढ्यासाठी सामाईक डेटाबेस ऑनलाइन न्यायचा असतो. वेग आणि कागदाची बचत हे वरकड फायदे. मूळ हेतू साधणार नसेल, तर साधी वही पुरेशी आहे आणि तीच स्वस्त पडते.

मुळात तास मोजायचे कशाला, हा प्रश्न आधी सोडवलेला बरा. २०१३ मध्ये श्रमसांख्यिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वयंसेवेला कामाचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. पैसा हातात पडत नसला तरी ते काम आहे, आणि काम असेल तर ते मोजलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. आपल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात देशभर वेळवापराची पाहणी केली. १,३८,७९९ कुटुंबांतल्या, सहा वर्षं व त्यावरच्या वयाच्या ४,४७,२५० व्यक्तींच्या एका दिवसाचा हिशेब मांडला गेला. विनावेतन स्वयंसेवा, उमेदवारी आणि तत्सम बिनपगारी कामाच्या गटात दिवसाकाठी २.४ टक्के लोक आढळले आणि त्यांनी त्या कामाला सरासरी १०१ मिनिटं दिली होती. टक्का लहान वाटतो, पण देशाच्या लोकसंख्येला लावून पाहिला की तो कोटींत जातो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर तासाला आता थेट किंमत आली आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार ३० तासांना एक श्रेयांक आणि वर्षाच्या १,२०० तासांना ४० श्रेयांक असं गणित आहे, आणि समाजकार्यालाही त्यात जागा आहे. ज्या नोंदीवरून प्रमाणपत्र, गुण किंवा श्रेयांक मिळणार, ती ‘अंदाजे दोन तास’ असून चालत नाही.

आता सध्याची रीत जवळून पाहू. रविवारी सकाळी दोन गट निघतात, एक नदीकाठ साफ करायला आणि दुसरा वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला. दोन्ही गटप्रमुखांकडे शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एकच फाइल असते. संध्याकाळी दोघं आपापल्या प्रतीत तास भरतात आणि परत पाठवतात. उशिरा आलेली प्रत ‘ताजी’ ठरते, ती आधीच्या प्रतीवर चढते, आणि नदीकाठी चिखलात उभे राहिलेले बावीस जण त्या दिवशी कामावर नव्हतेच, असं कागदोपत्री ठरतं. यात कुणी लबाडी केलेली नाही. एकाच हिशेबाच्या दोन प्रती झाल्या की हे होणारच. पुढचा घोळ तासांच्या लिखाणातला. दीड तास कुणी १.३० असा लिहितो, कुणी १.५ असा. घड्याळाच्या दृष्टीने पहिलं लिखाण बरोबर, बेरजेच्या दृष्टीने दुसरं. संगणक १.३० चा अर्थ एक पूर्णांक तीन दशांश तास असा लावतो, म्हणजे एक तास अठरा मिनिटं. दर नोंदीला बारा मिनिटं गळाली. १०० जणांनी वर्षात वीस-वीस वेळा असं लिहिलं, तर गळती ४०० तासांची होते. तीनपेक्षा जास्त स्वयंसेवकांचं अख्खं वर्ष त्यात वाहून जातं. आणि कुणी नावांचा रकाना तेवढा निवडून अकारविल्हे लावला, तासांचा रकाना मात्र तसाच राहिला, तर एकाचे तास दुसऱ्याच्या नावावर चढतात आणि पान दिसायला अगदी नीटनेटकं दिसतं.

मोठ्या आणि पैसेवाल्या यंत्रणाही या खड्ड्यात पडल्या आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाल्याचं उघड झालं. तपासण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतले जात होते. त्या फाइलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी गपचूप बाहेर राहिल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. शंभर स्वयंसेवकांच्या एककाला एवढ्या ओळी लागणार नाहीत, हे खरं. पण तक्ता हा आकडेमोडीसाठी केलेला कागद आहे, आणि अनेकांनी एकाच वेळी, वर्षानुवर्षं लिहायची वही ही निराळी वस्तू आहे, एवढं यातून नक्की कळतं.

ती निराळी वस्तू म्हणजे डेटाबेस. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका निबंधात त्याची आजची मांडणी सुचवली. तिच्यातून निघालेलं सूत्र घरच्या भाषेत असं सांगता येईल : एक गोष्ट एकाच जागी लिहावी आणि बाकी सगळीकडून तिच्याकडे बोट दाखवावं. स्वयंसेवकांच्या तासांसाठी तीन कोष्टकं पुरतात. पहिल्यात माणसं, दुसऱ्यात उपक्रम, तिसऱ्यात तास. तिसऱ्या कोष्टकातली एक ओळ अशी दिसेल : स्वयंसेवक क्रमांक ४७, उपक्रम क्रमांक १२, तारीख ७ जुलै, सकाळी ८.१० ते ९.४०, मिनिटं ९०, नोंद करणारा स्वतः, नोंदीची वेळ त्याच दिवशी १०.०५. यात मिनिटं कुणी टाइप करत नाही; सुरुवात आणि शेवट दिला की यंत्र वजाबाकी करतं, त्यामुळे १.३० आणि १.५ चा वाद उरत नाही. नदीकाठच्या आणि वस्तीतल्या गटाच्या नोंदी एकाच क्षणी आल्या तरी त्या दोन वेगळ्या ओळी असतात, एक दुसरीवर चढत नाही. स्वयंसेवकाचा फोन नंबर बदलला तर तो पहिल्या कोष्टकात एकदाच बदलायचा. त्याच्या जुन्या शंभर नोंदींना हात लावावा लागत नाही.

नावाऐवजी क्रमांक कशाला, असं वाटेल. मराठी नावांच्या बाबतीत याचं उत्तर फार सोपं आहे. एकच मुलगी कधी ‘वैष्णवी देशमुख’, कधी ‘देशमुख वैष्णवी’ आणि कधी ‘वैष्णवी दे.’ म्हणून भरली जाते, आणि वर्षाअखेरीस तिचे ११८ तास तीन मुलींत वाटले जातात. त्याहून अवघड भानगड ‘कुऱ्हाडे’ या आडनावात आहे. त्यातला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही आडनावं हुबेहूब सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन निराळी माणसं असतात. एका कुऱ्हाडेंनी फोनवरून नोंद केली आणि त्यांचीच दुसरी नोंद ऑफिसच्या संगणकावरून झाली, तर शोध घेताना अर्धे तास सापडत नाहीत, आणि का सापडत नाहीत ते डोळ्यांना कळतही नाही. परदेशात तयार झालेली प्रणाली आणून मराठी नावांवर बसवताना ही तपासणी आपण केली नाही, तर दुसरं कुणी करणार नाही.

इथवरचा भाग कारागिरीचा. कुशल माणूस तो महिन्याभरात उभा करून देईल. खरा प्रश्न त्यानंतर येतो : लिहायचं कुणी? आजची सर्वमान्य पद्धत अशी की स्वयंसेवक काम करतात आणि महिनाअखेरीस एकजण बसून सगळ्यांचे तास भरतो. मग ओळीने दोन, दोन, दोन, दोन असे आकडे उतरतात, कारण महिन्यापूर्वीच्या सकाळी कोण कधी आलं हे कुणालाच आठवत नाही. वेळवापर पाहणी करणाऱ्यांना हे पुरेपूर माहीत होतं. म्हणून त्यांनी ‘महिन्यात किती तास’ असं मोघम विचारलं नाही. आदल्या पहाटेच्या चारपासून पुढच्या पहाटेच्या चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत काय केलं ते विचारलं. माणसाची आठवण एका दिवसापुरती बऱ्यापैकी विश्वासू असते. ऑनलाइन नोंदीची मोठी सोय हीच आहे. काम संपवून हात धुतले, की घरी जाता जाता फोनवर नोंद होते. ही सोय न वापरता महिनाअखेरीची वही फक्त पडद्यावर उतरवली, तर पडद्यावरही तेच दोन, दोन, दोन उतरतील.

नोंद खरी राहण्यासाठी दुसरी अट म्हणजे ती सोबत्यांना दिसली पाहिजे. याचा मोठा धडा राजस्थानने दिला. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी घेतली आणि सरकारी कामांची मस्टरं लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. कामावर कधी न गेलेल्यांची नावं त्यांत निघाली, न झालेल्या कामांची बिलं निघाली. त्या मस्टरांवर सह्या होत्या, शिक्के होते, सगळं रीतसर होतं. खोट उघडी पडली ती शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव ऐकल्यामुळे. पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ याच वाटेने देशभर पोचली. नोंद तपासणारा सर्वांत चांगला तपासनीस म्हणजे त्याच सकाळी त्याच नदीकाठी उभा असलेला माणूस. गटाच्या नोंदी गटाला दिसत असतील, तर वेगळा पहारा बसवावा लागत नाही.

पहारा बसवून काय होतं, याचाही अनुभव देशाच्या गाठीशी आहे. रोजगार हमीच्या कामांवर केंद्राने २०२१ मध्ये मोबाइलवरून हजेरी घेण्याची पद्धत आणली आणि जानेवारी २०२३ पासून ती जवळपास सगळ्या सार्वजनिक कामांवर सक्तीची केली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, तोही जागा आणि वेळेच्या शिक्क्यासह. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहून सांगावं लागलं, की भलतेसलते फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढला जातो आहे, फोटोतली माणसं आणि हजेरीतली माणसं जुळत नाहीत. रोजगार हमीत सरकारी पैसा आहे, मजुरी आहे, त्यामुळे तिथली तुलना सरळ स्वयंसेवेला लावता येणार नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. नोंद वरच्याला दाखवण्यासाठी केली जाते असं वाटू लागलं, की माणसं काम सोडून नोंदीची कारागिरी करू लागतात. स्वयंसेवकाला तर मजुरीचंही बंधन नाही. दर रविवारी आपला फोटो आणि ठिकाण मागणाऱ्या संस्थेकडे तो तिसऱ्या रविवारी फिरकणार नाही.

म्हणून सामाईक नोंदवहीत कुणाला काय करता यावं, हे आधी ठरवावं आणि त्यानंतर प्रणाली करायला द्यावी. स्वयंसेवकाला आपली नोंद करता यावी आणि आपल्या सगळ्या नोंदी पाहता याव्यात. गटप्रमुखाला आपल्या गटाच्या नोंदींना दुजोरा देता यावा, शंका घेता यावी, पण खोडता येऊ नये. चूक दुरुस्त करायची तर कशी, याचा नमुना आपल्या गावगाड्यात तयारच आहे. सातबारावरचं नाव बदलायचं झालं तर तलाठी जुनं नाव पुसून नवं लिहीत नाही. फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि त्यानंतर बदल होतो. जुनी नोंद मागे वाचता येते. तासांचंही असंच असावं. दोन तासांचे दीड तास करायचे असतील तर जुनी ओळ राहील, खाली नवी येईल, कुणी केली आणि का केली ते लिहिलेलं असेल, आणि ज्याचे तास बदलले त्याला तसा निरोप जाईल. महसुली दप्तराबद्दल लोकांच्या तक्रारी ढीगभर असतील, पण त्यातलं हे तत्त्व शंभर नंबरी आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मनाला भिडणारा आहे : सेवेचा कसला हिशेब? उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, अशी आपली शिकवण. पण ही शिकवण देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्यासाठी नाही. गणेशोत्सवाची वर्गणी दिली की मंडळाचा कार्यकर्ता पावती फाडतो. त्या पावतीने भक्ती उणावली असं कुणी म्हणत नाही. पैसे घेणारी संस्था पावती देते, तर तास घेणाऱ्या संस्थेने का देऊ नये? तासांची नोंद ही ती पावती आहे. ज्याला नको असेल त्याने ती खिशात ठेवावी. या आक्षेपातलं खरं तथ्य दुसरीकडे आहे. आकडा दिसू लागला की चढाओढ सुरू होते, आणि ‘या महिन्याचे पहिले दहा’ अशी यादी लागली की आजारी आईला सांभाळून आठवड्याला एक तास देणारी बाई तळाला दिसते, आणि तिच्या त्या एका तासाची किंमत कुणालाच कळत नाही. अशी यादी लावूच नये. चढाओढ हवीच असेल तर ती गटागटांत असावी. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली, तेव्हा श्रमदानाला गुण होते. पण पहिल्या क्रमांकाचे ५० लाख रुपये कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळाले, कुणा एका घमेलं उचलणाऱ्याला नाही. श्रम मोजले म्हणून तिथला उत्साह आटला नाही, कारण बेरीज गावाच्या नावावर होत होती.

दुसरा आक्षेप असा, की स्वतःची नोंद स्वतः करायला दिली तर लोक फुगवून लिहितील. काही लिहितील, विशेषतः जिथे तासाला गुण आहेत तिथे. पण आज एकजण सगळ्यांचे तास भरतो, तेव्हा फुगवणं थांबतं का? उलट तेव्हा ते ठोकभावात होतं आणि कुणाला दिसत नाही. सामाईक वहीत फुगवलेली नोंद त्या सकाळच्या एकवीस सोबत्यांना दिसते. नोंदीची वेळ आपोआप लागत असल्याने जूनचे तास मार्चमध्ये भरले गेले तर तेही लपत नाही. एका दिवशी सव्वीस तास, किंवा एकाच वेळी दोन उपक्रमांवर हजर, अशा नोंदी यंत्रच अडवू शकतं. याउपर एखादा अर्धा तास कुणी जास्त लिहिलाच, तर तेवढं नुकसान संस्थेने सोसावं. प्रत्येकावर संशय घेण्याची किंमत त्याहून मोठी आहे.

तिसरा आक्षेप ज्येष्ठांचा आणि डोंगरातल्या गावांचा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा जिथे रेंज येत नाही, तिथे काय? ग्रंथालयात पुस्तकं लावायला येणारे सत्तरीचे आजोबा आणि रुग्णालयात नातेवाइकांना वाट दाखवणाऱ्या निवृत्त शिक्षिका हा स्वयंसेवेचा कणा आहे. त्यांना अ‍ॅप शिकवत बसणं हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे. कागद इथे ठेवावाच. कामाच्या जागी एक साधा तक्ता, त्यावर आल्याची आणि गेल्याची वेळ, पुढे सही. आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणी तो चढवायचा, आणि नोंदीत ‘कागदावरून, अमुक यांनी भरली’ असं दिसायचं. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांच्या तासांची छापील चिठ्ठी त्यांच्या हातात द्यायची. कागद हा वहीत शिरण्याचा एक दरवाजा म्हणून राहावा. त्याची निराळी वही होऊ नये, एवढं पथ्य पाळलं की झालं.

चौथा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. तासांची नोंद निरुपद्रवी वाटते, पण नीट पाहिलं तर ती कोण कुठल्या दिवशी कुठे असतं याचं वेळापत्रक असते. एखादी मुलगी दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ कुठल्या वस्तीत असते, हे जगाला कळण्याचं काही कारण नाही. त्यामुळे सामाईक याचा अर्थ जाहीर असा घेऊ नये. स्वतःच्या नोंदी स्वतःला, गटाच्या गटाला, आणि बाहेरच्यांना फक्त उपक्रमवार बेरजा, अशी पायरी असावी. कनिष्ठ महाविद्यालयांतही सेवा योजनेचे गट असतात, आणि तिथली मुलं अठराच्या आतली असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. तेव्हा मागायची माहितीच कमी असावी. तास मोजायला आधार क्रमांक लागत नाही, जन्मतारीख लागत नाही, घरचा पत्ता लागत नाही. जे वहीत नाही ते चोरीला जात नाही.

राहिला व्यवहाराचा प्रश्न : हे सांभाळणार कोण? बहुतेक संस्थांत ही कामं एखादा हौशी मुलगा करून देतो, आणि त्याला पुण्या-बंगळूरला नोकरी लागली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. अनेक जुन्या संस्थांनी मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसवर अशी नोंदणी केलेली आहे. ऑफिसच्या चार भिंतींत ती ठीक चालते, पण तीच फाइल इंटरनेटच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवून चौघांनी उघडली की तिच्या प्रती फुटतात किंवा ती बिघडते. ती अशा वापरासाठी केलेलीच नाही. अ‍ॅक्सेसवरूनच थेट वेबवर जाण्याची सोय कंपनीने मध्यंतरी दिली होती. २०१८ मध्ये ती बंद झाली आणि तिच्यावर बसलेल्यांना नवं घर शोधावं लागलं. कंपनी कितीही मोठी असो, तिची सोय ही भाड्याची खोली असते. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : सगळ्या नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात एका झटक्यात बाहेर काढता येतात का, आणि किल्ली निदान दोघांकडे राहील का. संस्थांसाठी बनवलेली सिव्हीसीआरएमसारखी मुक्त प्रणाली किंवा मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची मुक्त प्रणाली हे पर्याय परवाना विकत न घेता वापरता येतात, फक्त त्यांना चालवणारा माणूस लागतो. ‘सरकारी पोर्टल आहेच की’ असंही कुणी म्हणेल. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्राने सुरू केलेलं ‘मेरा युवा भारत’ हे व्यासपीठ १५ ते २९ वयाच्या तरुणांसाठी आहे. ग्रंथालयातले आजोबा त्यात बसत नाहीत. आणि तिथे नाव असलेल्या तरुणाच्या गटालाही रविवारच्या नदीकाठचा हिशेब आपल्या हाताशी हवाच.

अशी वही करायला घेणाऱ्या संस्थांना एवढंच सांगणं आहे, की एकदम सगळ्यांवर लादू नका. एक उपक्रम आणि दहा माणसं घ्या, महिनाभर कागद आणि पडदा दोन्ही चालवा, आणि महिनाअखेरीस दोन्हींच्या बेरजा समोरासमोर ठेवा. फरक दिसेल, आणि तो कुठून आला हे शोधताना वहीत काय सुधारायला हवं तेही कळेल. प्रणाली विकायला आलेल्या माणसाला ती किती वेगवान आहे किंवा किती रंगीत आलेख काढते, हे विचारण्याआधी एक साधा प्रश्न विचारा : “माझे तास मला कुठे दिसतील?” त्याने तुमच्याच फोनवर दोन मिनिटांत ते दाखवले, तर पुढची बोलणी करा. ‘ते अ‍ॅडमिनला दिसतील’ असं उत्तर आलं, तर त्याचे आभार माना आणि शंभर पानी वही विकत आणा.